ईसी बरोबर, पीएच बरोबर, पानं पिवळी

पॉलिहाऊसमधल्या टोमॅटोची खालची पानं शिरांच्या मधल्या भागात पिवळी पडलेली, कडा करपलेल्या. शेंडा मात्र हिरवागार. मालकांनी मोबाइल पुढे केला. त्यावर खताच्या पाण्याचे आकडे: ईसी म्हणजे विद्युतवाहकता, विरघळलेल्या क्षारांचं माप, आणि पीएच म्हणजे आम्लता. "बघा ना, ईसी २.४, पीएच ५.८. खत तर बरोबर जातंय. रोगच आहे हा." त्या भरवशावर बुरशीनाशकाच्या फवारण्याही उरकल्या होत्या. अ‍ॅपमध्ये सगळं हिरवं दिसलं की लोक पिकालाच खोटं ठरवतात.

ईसीचा प्रोब १.४१३ ईसीच्या प्रमाण द्रावणात बुडवून तपासला. आकडा चोख आला. मग खताच्या खोलीत गेलो. तीव्र खताच्या दोन टाक्या: ए तळाला गेलेली, बी जवळजवळ भरलेली. दोन्ही टाक्या बरोबरीने उतरायला हव्यात. ए मध्ये कॅल्शियम नायट्रेट आणि चिलेटेड (विरघळलेलं राहील असं बांधलेलं) लोह, बी मध्ये मॅग्नेशियम सल्फेट, पोटॅश, फॉस्फेट. तीव्र द्रावणात कॅल्शियम आणि सल्फेट एकत्र आले की जिप्समचा गाळ बसतो, म्हणून त्यांचं बिऱ्हाड वेगळं.

पंप चालू करून रोटामीटर, म्हणजे प्रवाह दाखवणाऱ्या नळ्या, पाहिले. ए चा तरंगता खडा वर टेकलेला, बी चा तळाशी निपचित. बी च्या नॉन-रिटर्न व्हॉल्वचा, म्हणजे उलटा प्रवाह रोखणाऱ्या झडपेचा, पडदा फुगून चिकटला होता. बी मधून थेंबही जात नव्हता, ईसी घसरत होता आणि खत सोडणारा कंट्रोलर दोन्ही टाक्यांचे चॅनल वाढवून तो भरून काढत होता. म्हणजे एकट्या ए ने. ईसी सांगतो क्षार किती. कोणते, ते सांगत नाही. मॅग्नेशियम आणि पोटॅश झाड जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं, म्हणून खालचीच पानं गेली. लोह मिळत होतं, म्हणून शेंडा हिरवा.

गंमत म्हणजे कॅल्शियम नायट्रेटच्या गोण्यांची मागणी वाढली होती आणि ती मुकाट्याने मंजूरही होत होती.

पडदा बदलायला काही मिनिटं लागली. डोक्यातून जात नाही ते वेगळंच: एकही सेन्सर चुकीचा नव्हता. मग अलार्म लावायचा तरी कशावर? दोन टाक्यांच्या पातळीतल्या फरकावर लावता येतो, कंट्रोलरवर त्यासाठी जागाही रिकामी आहे. कंट्रोलरच्या कंपनीला विचारलं तर म्हणे, ग्राहक मागत नाहीत. अ‍ॅपला डार्क मोड मात्र आला.

तोवर मी टाक्यांवर मार्करने लिटरच्या खुणा मारून देतो आणि रोजची पातळी वहीत लिहायला सांगतो. एवढं महागडं ऑटोमेशन घेतलेल्या मालकांना ती वही बिलकूल आवडत नाही.