कोबॉट बसवण्याआधी लिहिलेली हाताची यादी

भोसरीतल्या आमच्या शॉपमध्ये दोन सीएनसी टर्निंग मशीनवर जॉब (घडवायचा तुकडा) लावायचं आणि काढायचं काम आता कोबॉट, म्हणजे माणसाच्या शेजारी काम करणारे रोबॉटचे हात, करतात. पूर्वी प्रत्येक मशीनपाशी एक माणूस उभा असायचा, आता दोन्ही मशीन मिळून एक जण सांभाळतो. सप्लायरच्या डेमोत हे सगळं दोन दिवसांचं काम वाटलं होतं. आम्हाला अकरा आठवडे लागले. ते कुठे गेले आणि कशामुळे, ते इथे लिहितो, कारण लहान-मध्यम कारखान्यात रोबॉट आणायचं म्हटलं की चर्चा किमतीवर आणि कुठला हात घ्यायचा यावर अडते, आणि खरी अडचण शिफ्ट सुरू झाल्यावर समजते.

आधी हिशोब. जॉब म्हणजे फोर्जिंगचा फ्लॅंज, कच्चा १.४ किलो, तयार झाल्यावर १.१ किलो. मशीनची सायकल, म्हणजे एका जॉबचं कटिंग, ७८ सेकंद. हाताने लावण्या-काढण्याला १२ सेकंद, म्हणजे एक पीस ९० सेकंदांत. आठ तासांच्या पाळीतून जेवणाची तीस मिनिटं आणि चहाची दहा-दहा मिनिटं दोनदा वजा केली तर ४३० मिनिटं उरतात, म्हणजे २८६ पीस. कोबॉटला त्याच कामाला १८ सेकंद लागतात, म्हणजे पीस ९६ सेकंदांचा. पण तो जेवायला जात नाही. ४८० मिनिटांत कागदावर ३०० पीस. फरक चौदाचा. तेव्हा कोणी ‘दुप्पट उत्पादन’ म्हणत असेल तर त्याच्याकडून हा गुणाकार मांडून घ्या. फायदा वेगात नाही. तो मोकळ्या झालेल्या माणसात आहे, आणि आम्हाला नंतर कळलेल्या आणखी एका गोष्टीत. ती पुढे येईलच.

रोबॉटच्या हाताची क्षमता ठरवताना पहिली चूक होता होता राहिली. जॉब दीड किलोच्या आतला, म्हणून पाच किलो क्षमतेचा हात पुरेल असं वाटलं होतं. पण एक ग्रिपर (जॉब पकडणारा पंजा) घेऊन काम केलं तर तयार जॉब काढून ठेवायचा, मग कच्चा उचलायचा, आणि तेवढा वेळ मशीन रिकामं. म्हणून ग्रिपर दोन लागतात. एकाने तयार जॉब काढायचा, मनगट फिरवून दुसऱ्याने कच्चा लावायचा. आता बेरीज करा: दोन ग्रिपर बोटांसकट २.६ किलो, ब्रॅकेट ०.७, दोन जॉब २.५. एकूण ५.८ किलो, शिवाय हे वजन मनगटापासून बारा-तेरा सेंटिमीटर पुढे लटकणार. त्यामुळे दहा किलोचा हात घेतला.

ऑर्डर दिल्यावर हात यायला सहा आठवडे होते. त्या काळात केलेलं एक काम सगळ्यात उपयोगी ठरलं. मशीनवरच्या सर्वांत जुन्या ऑपरेटरचे, म्हणजे शॉपमध्ये सगळे ज्यांना मामा म्हणतात त्यांचे, लोडिंगचे चाळीस व्हिडिओ मोबाइलवर काढले आणि संथ करून पाहिले. बारा सेकंदांत मामांचा हात काय काय करतो त्याची यादी केली. डाव्या हाताने तयार जॉब काढताना नजर इन्सर्टच्या, म्हणजे टूलवरच्या कापणाऱ्या बदलत्या तुकड्याच्या, टोकावर. उजव्या हाताने एअर गनचे दोन फुंकारे चकच्या (जॉब आवळून फिरवणाऱ्या भागाच्या) सीटवर, म्हणजे जॉब जिथे टेकतो तिथे. मग करंगळी सीटवरून अर्धा वळसा. नवा जॉब लावताना तो थोडा फिरवून घेणं. अंगठ्याने मागे दाबून मगच पायाचं पेडल. चक आवळल्यावर जॉबला एक हलका धक्का. टूलवर अडकलेलं चिपचं (कापलेल्या धातूच्या कीसाचं) जाळं आकड्याने ओढणं. दार लावल्यावर पहिला कट सुरू होईपर्यंत तिथेच थांबणं.

‘मामा, ती करंगळी कशाला फिरवता?’ असं विचारलं तर म्हणाले, ‘फिरवतो का मी?’

यातली एकही गोष्ट आमच्या वर्क इन्स्ट्रक्शनमध्ये नव्हती. तिथे फक्त एवढंच होतं: जॉब चकमध्ये लावा, क्लॅम्प करा, सायकल स्टार्ट करा. सप्लायरच्या इंजिनिअरला आम्ही तोच कागद दिला असता तर त्याने त्याप्रमाणेच प्रोग्रॅम केला असता, आणि करंगळीचं काम कुणीच केलं नसतं.

करंगळी चिप शोधत होती. सीटवर ०.०५ मिलिमीटरचा कण राहिला तरी जॉब तिरका बसतो, फेसचा रनआउट (फिरताना होणारी डुगडुग) मर्यादेबाहेर जातो, आणि जॉब बाहेरून एकदम ठीक दिसतो. यावरचा पक्का उपाय म्हणजे सीटमधल्या बारीक छिद्रातून हवा सोडून दाब पाहणं. जॉब नीट टेकला की दाब वाढतो. पण फिरत्या चकमधून हवा न्यायला रोटरी युनियन लागतं, आणि आमच्या जुन्या मशीनवर ते परवडणारं नव्हतं. म्हणून तीन गोष्टी मिळून केल्या. ग्रिपरच्या ब्रॅकेटवर एअर नोझल लावला. तयार जॉब काढल्यावर हात सीटसमोर गोल फिरवत दोन सेकंद फुंकतो. ग्रिपरमध्ये स्प्रिंगवरची तीन पिनांची प्लेट बसवली, ती चक आवळताना जॉब मागे दाबून धरते, म्हणजे मामांचा अंगठा. आणि क्लॅम्प झाल्यावर हाताची जागा शिकवलेल्या जागेपेक्षा ०.३ मिलिमीटरने चकपासून बाहेर असेल तर सायकल सुरूच होत नाही. याहून बारीक कण यातून निसटतो, हे मान्य करायला हवं. म्हणूनच चिपच्या मुळाशी जावं लागलं.

चिप लांब निघत असेल तर कोणताही नोझल पुरत नाही. हाताने लोडिंग करताना लांब चिप ही कटकट असते. आकड्याने ओढली की काम झालं. रोबॉटसाठी तो सरळ ब्रेकडाउन, कारण जाळं ग्रिपरच्या बोटात अडकतं किंवा चकवर लोंबतं. रफिंगचा (पहिल्या जाड कटचा) फीड, म्हणजे दर फेऱ्याला टूल किती सरकतं ते, ०.१८ मिलिमीटरवरून ०.२५ वर नेला, फिनिशिंगला दुसऱ्या चिपब्रेकरचा (चिप तोडणाऱ्या खाचेचा) इन्सर्ट घेतला, आणि चिप स्वल्पविरामाएवढी तुटायला लागेपर्यंत कोबॉटचा प्रोग्रॅम हातात घेतला नाही. या ट्रायल गुरुवारी, साप्ताहिक सुट्टीला केल्या. आमच्या अकरा आठवड्यांपैकी तीन यातच गेले, आणि मला ते वाया गेलेले वाटत नाहीत.

जॉब फिरवून लावण्याचं कारण वेगळंच निघालं. फोर्जिंगच्या घेरावर उठावाचा नंबर असतो, तो चकच्या जबड्याखाली आला की पकड डगमगते. सप्लायरने यावर कॅमेरा सुचवला. आम्ही फोर्जिंगवाल्याला नंबर घेरावरून काढून, सीटला न टेकणाऱ्या फेसवर घ्यायला सांगितला. पुढच्या डाय दुरुस्तीत त्याने तो हलवला. कॅमेरा वाचला.

जॉबला दिलेला धक्का म्हणजे क्लॅम्पची खात्री. आमच्या मशीनवर क्लॅम्पचा सिग्नल हायड्रॉलिक लाइनवरच्या प्रेशर स्विचवरून येत होता. चक रिकामा बंद झाला तरी दाब येतोच, म्हणजे स्विच ‘ओके’ सांगतो. हे ट्रायलमध्येच सापडलं, जॉब खाली पडून. मग चकच्या सिलिंडरवर प्रॉक्सिमिटी स्विच (जागा ओळखणारे) लावले, ते चक कसा आहे ते सांगतात: उघडा, जॉबवर आवळलेला आणि स्ट्रोकच्या पलीकडे गेलेला, म्हणजे रिकामा. ही जोडणी आणि ‘सायकल पूर्ण’, ‘दार उघडं’, ‘अलार्म’ हे सिग्नल देण्यासाठी मशीनच्या लॅडरमध्ये (आतल्या कंट्रोल प्रोग्रॅममध्ये) बदल करावा लागतो. तो मशीन बनवणाऱ्या कंपनीकडूनच करून घ्या, आणि कोबॉटची ऑर्डर देण्याआधी त्यांची तारीख घ्या. एम-कोड (चक, दार अशी कामं मशीनला सांगणारे कोड) प्रत्येक मेकचे वेगळे असतात, दुसऱ्याच्या मशीनवरून उचलू नका.

वीज गेली तर काय, हा प्रश्न डेमोत कोणी विचारत नाही. कॉम्प्रेसर बंद पडून हवेचा दाब उतरला तर साधा न्यूमॅटिक ग्रिपर जॉब सोडून देतो. स्प्रिंगने धरून ठेवणारा ग्रिपर घ्या. आणि ‘कोबॉट आहे, कुंपण नको’ या वाक्यावर विसंबू नका. हात माणसाला लागून थांबेल, पण त्याने धरलेल्या दीड किलोच्या जॉबची धार थांबणार नाही. सुरक्षा हातापुरती नसते, तर ग्रिपर, जॉब, दार आणि ट्रे धरून पूर्ण जुळणीची तपासायची असते. रोबॉटच्या सुरक्षेच्या आयएसओ १०२१८ या मानकाचा दुसरा भाग त्यासाठीच आहे. दार आणि हात यांच्यामध्ये माणसाचा पंजा सापडेल अशी १०० मिलिमीटरपेक्षा कमी फट आमच्याकडे दोन ठिकाणी निघाली. एका ठिकाणी ट्रेचं टेबल सरकवलं, दुसऱ्या ठिकाणी एरिया स्कॅनर (माणूस जवळ आलेला ओळखणारा) लावला.

आता माणसं. इथे चुकलं तर वरचं सगळं बरोबर असूनही सेल, म्हणजे मशीन आणि कोबॉटची ही जुळणी, उभा राहत नाही.

पहिलं भांडण पैशाचं. आमचा इन्सेंटिव्ह मशीनमागे पीसवर होता. एकाच माणसाकडे दोन मशीन आल्यावर त्याचं काय करायचं हे हात बसवण्याआधी ठरवलं नसतं, तर पहिल्याच पगाराला ‘दोन मशीन मी बघायच्या आणि पैसे एकीचे?’ हा प्रश्न आला असता, आणि तो रास्तच आहे. आम्ही सेलच्या एकूण ओके पीसवर दर बांधला, आणि प्रत्येक पाळीतून मोकळा होणारा माणूस कुठे जाणार ते नोटीस बोर्डावर लावलं: एक इन्स्पेक्शनला, एक टूल रूमला, पगार कमी न करता. हे न सांगता रोबॉटचं खोकं शॉपमध्ये उघडलं तर पुढचे सहा महिने प्रत्येक बारीक अलार्मला हात बंदच दिसेल.

दुसरं म्हणजे कोणाला शिकवायचं. अप्रेंटिस मुलं टीच पेंडंट (कोबॉटला शिकवायचा हातातला पडदा) दोन दिवसांत चालवतात, पण इन्सर्ट झिजला की नाही हे त्यांना कळत नाही, आणि वर्ष संपलं की ती जातात. मामांना कटचा आवाज कळतो, पण पेंडंटला हात लावायची भीती. दोघांची जोडी लावली. प्रशिक्षणाचा क्रम उलटा ठेवला: प्रोग्रॅमिंग शेवटी, आधी ‘थांबल्यावर काय करायचं’. हात मध्येच थांबला की तीन प्रश्न: जॉब कुठल्या ग्रिपरमध्ये आहे, चक उघडा की बंद, दार कुठे आहे. यांची उत्तरं पेंडंटवर मोठ्या अक्षरांत दिसतील आणि हात कुठूनही सुरक्षित रस्त्याने मूळ जागी जाईल असा रिकव्हरी प्रोग्रॅम सप्लायरकडून लिहून घ्या, आणि पर्चेस ऑर्डरमध्ये तो वेगळ्या ओळीत टाका. आमच्या ऑर्डरमध्ये तो नव्हता. पहिल्या दोन आठवड्यांत रात्रपाळीला हात थांबला की सकाळपर्यंत थांबलेलाच असायचा.

इन्सर्टचं गणित बदललं. पूर्वी मामा कटच्या आवाजावरून इन्सर्टची धार बदलायचे. नोंदी काढल्या तर एक धार ९० पासून १५० पीसपर्यंत चालायची. रोबॉटला कान नाही, म्हणून ठरावीक १०० पीसला मशीन थांबतं. इन्सर्टचा खर्च थोडा वाढला. तो मान्य करायचा.

मापाचं काम राहतं, उलट वाढतं. प्रत्येक दहावा पीस हात वेगळ्या च्यूटवर (उतरत्या घसरपट्टीवर) मोजायला ठेवतो. पुढचा दहावा सोळा मिनिटांनी येतो. तोवर आधीचा मोजून बटण दाबलं नाही तर सेल थांबतो. हे कुलूप नसेल तर च्यूटवर पाच पीस साठतात आणि मग पाचही एकदम ‘ओके’ लिहिले जातात. माप सरकलं तर टूलच्या करेक्शनसाठी मशीनवर मराठीत तक्ता लावला: बाहेरचा व्यास मोठा आला तर वजा, बोअर लहान आला तर अधिक, आकडा व्यासाचा, आणि दशांश चिन्ह टाकल्याशिवाय इनपुट दाबायचं नाही. फानुक कंपनीच्या कंट्रोलवर एका वेळी किती वेअर ऑफसेट (टूलच्या झिजेची दुरुस्ती) टाकता येईल याला पॅरामीटरने मर्यादा घालता येते. ती आम्ही ०.०५ वर बांधली. नवख्या हातून ०.०२ ऐवजी ०.२ पडला तर मशीन घेतच नाही.

आणि ती मघाशी म्हटलेली गोष्ट. सकाळी मशीन गरम होईपर्यंत पहिला अर्धा तास साईज सरकते, हे प्रत्येक ऑपरेटरला ठाऊक असतं. जेवणानंतरही तेच व्हायचं, कारण अर्धा तास स्पिंडल बंद. कोबॉट जेवणाच्या सुट्टीत चालू राहिल्यावर दुपारची ती सरक नाहीशी झाली, आणि तिच्यामुळे जाणारे पीसही. ट्रेमध्ये ४८ जॉब, म्हणजे सव्वा तासाची बेगमी. जेवायला जाण्याआधी ट्रे भरलेला असला की पुरे.

शेजारच्या तिसऱ्या मशीनवर मात्र कोबॉट नाही. तिथे दिवसाला चार-पाच सेटिंग बदलतात, लॉट ४०-५० पीसचे, आणि मटेरियल असं की चिप काही केल्या तुटत नाही. प्रत्येक सेटिंगला ग्रिपरची बोटं, ट्रे आणि शिकवलेल्या जागा बदलायच्या तर पाऊण तास जातो. तेवढ्यात हाताने तीस पीस निघतात. त्या मशीनवर सध्या मामा आहेत, आणि त्यांच्याजवळ एक मुलगा वही घेऊन उभा असतो.