खाणीतलं गरम पाणी

लेस्टरहून नॉटिंगहॅमला जाणाऱ्या गाडीत मी डुलक्या घेत होते. ईस्ट मिडलंड्स पार्कवे स्टेशन आलं आणि खिडकीभर आठ कूलिंग टॉवर उभे राहिले. मी बल्लारपूरची. चंद्रपूरला ऊर्जानगरच्या औष्णिक वीजकेंद्राचे टॉवर बघत लहानाची मोठी झालेय, त्यामुळे नजर आपोआप वर गेली, वाफ बघायला. वाफ नव्हती. एवढे आठ राक्षस आणि सगळे गप्प. मला ते बघून जरा कसंसंच झालं, खोटं कशाला बोलू.

हे रॅटक्लिफ-ऑन-सोर, ब्रिटनचं कोळशावर चालणारं शेवटचं वीजकेंद्र. 2,000 मेगावॅटचं. 30 सप्टेंबर 2024 ला बंद झालं. लंडनमध्ये हॉलबर्न व्हायडक्टला 1882 साली कोळशावर वीज काढून विकायला सुरुवात झाली होती. तिथपासून मोजली तर 142 वर्षं. 2012 मध्येसुद्धा या देशातल्या विजेची दहातली जवळजवळ चार युनिटं कोळशाची होती. बारा वर्षांत शून्य.

पण माझ्या मनात राहिली ती तारीख. कोळसा बंद करणार हे सरकारने 2015 मध्येच जाहीर केलं होतं. कोण कुठे जाणार, कोण काय नवीन शिकणार, याची युनियनशी बोलणी झाली आणि मग शेवटचा संच थांबला. वेकोलितल्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीतल्या, माणसांच्या घरात वाढलेल्या बाईला यातली किंमत कळते. आमच्याकडे खाण बंद होणार की नाही, हे आधी पानठेल्यावर कळतं आणि मग ऑफिसात.

दोन दिवसांनी न्यूकॅसलला भाचीकडे पोचले. जुलै महिना आणि अंगावर शाल! तिच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर स्मार्ट मीटरचा एक छोटा डबा आहे. हिरवा, पिवळा, लाल दिवा लागतो आणि आज किती पौंड जळले ते दिसतं. मी चहाला किटली लावली की डबा लाल. दिवसातून पाचदा मी त्याला लाल केलं. शेवटी भाची म्हणाली, "मावशी, त्याच्याकडे बघू नकोस, चहा कडू लागेल."

2025 च्या त्या जुलैत इथे वीज युनिटला सुमारे 26 पेन्स होती, म्हणजे आपले 30 रुपये. गॅस मात्र युनिटला साधारण सव्वासहा पेन्स होता. विजेचा बाजारभाव बहुतेक वेळा गॅसवरच ठरतो, आणि वर सरकारी धोरणांचे आकारही तेव्हा जास्त करून विजेच्याच बिलात होते. समुद्रात पवनचक्क्या फिरतायत आणि घरात गॅसच स्वस्त, अशी गंमत. हा गुंता सुटल्याशिवाय साधा माणूस घर गरम करणारा गॅसचा बॉयलर काढून विजेवरचा हीट पंप बसवणार नाही, हे भाचीचं मत आणि माझंही.

खालच्या मजल्यावरच्या आजींकडे प्रीपेड मीटर आहे, कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन पैसे भरायचे. पूर्वी अशा मीटरवाल्यांना, म्हणजे मुळात हात आखडता असलेल्यांना, बँकेतून बिल भरणाऱ्यांपेक्षा जास्त दर पडायचा. जुलै 2023 पासून तो जादा भार काढला. थकबाकीदारांच्या घरात घुसून जबरदस्तीने असे मीटर बसवण्यावरून त्याच वर्षी गदारोळ झाला, आणि मग नियम कडक झाले. आजींचा मुख्य राग मात्र हिवाळी इंधन भत्त्यावर. 2024 मध्ये सरकारने तो बहुतेक पेन्शनरांचा काढून घेतला आणि ओरड झाल्यावर पुढच्या वर्षी 35 हजार पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना परत दिला. "मतं जायला लागली की थंडी कळते," आजी म्हणाल्या. अगदी आमच्या चाळीतल्या आजी!

जुलैचा दुसरा शनिवार म्हणजे डरहॅमचा खाणकामगारांचा मेळावा. 1871 पासूनचा. गाडीतून उतरलो तर गावभर बँडचा आवाज. प्रत्येक खेड्याचा आपला बँड आणि आपला रेशमी बॅनर, दोन उंच काठ्यांवर ताणलेला, वर पुढाऱ्यांची रंगवलेली चित्रं. 14 एप्रिलला आमच्याकडे वस्तीवस्तीतून मिरवणुका निघतात, त्याचीच आठवण झाली. तीच ऐट, तीच लहान पोरं खांद्यावर. फरक एवढाच, की बॅनरवर ज्या खाणीचं नाव, ती खाण केव्हाच बंद झालीय. ईझिंग्टनची 1993 मध्ये गेली. याच ईझिंग्टनला 1951 च्या स्फोटात 83 माणसं दगावली होती. खाणी गेल्या, बॅनर राहिले, आणि दरवर्षी कोणीतरी इस्त्री केलेला शर्ट घालून त्याची काठी धरतो.

एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ काठी टेकून गवतावर बसले होते. मला विचारतात, "कुठून आलीस, पेट?" मला वाटलं पोटाबद्दल काही विचारतायत! भाची हसून लोळायची बाकी. इकडे बायाबापड्यांना लाडाने 'पेट' म्हणतात. माझे वडील भूमिगत खाणीत होते म्हटल्यावर त्यांनी जागा करून दिली. मार्च 1984 ते मार्च 1985, पूर्ण वर्षभर ते संपावर होते. घरात पगार नाही, बायकांनी चालवलेल्या सामुदायिक स्वयंपाकघरात जेवण. संप मोडला, खाणी धडाधड बंद झाल्या, आणि त्यांच्या जागी काय येणार हे कोणी सांगितलं नाही. कोळसा जायला त्यांची हरकत नव्हती. "माझ्या मुलाने खाली उतरू नये असंच मला वाटायचं. पण वर काहीतरी असायला हवं होतं ना." हे ऐकल्यावर रॅटक्लिफची आधी जाहीर केलेली तारीख मला परत आठवली. चाळीस वर्षं लागली, पण कोणीतरी काहीतरी शिकलं म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी भाची म्हणाली, गेट्सहेडला चल, बघण्यासारखं काही नाही पण तुला आवडेल. टाइन नदीच्या पलीकडे गेट्सहेड. तिथे जमिनीखाली जुन्या खाणींची भुयारं आहेत. पंप थांबले तशी ती पाण्याने भरली, आणि पृथ्वीच्या पोटातल्या उबेने ते पाणी बारा महिने 15 अंशांच्या आसपास राहतं. सुमारे दीडशे मीटरवरून ते उपसायचं, हीट पंपने त्यातली उष्णता काढून जवळजवळ 80 अंशांपर्यंत चढवायची, आणि निवलेलं पाणी पुन्हा खाली सोडायचं. फ्रिज उलटा चालवल्यासारखं. 6 मेगावॅटचा हा संच 2023 मध्ये सुरू झाला. त्यावर कॉलेज, नदीकाठचं ग्लासहाऊस हे संगीतगृह, कलादालन झालेली जुनी बाल्टिक पिठाची गिरणी, आणि कौन्सिलची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची, साडेतीनशे घरं गरम होतात. कंपनी कौन्सिलच्याच मालकीची.

साडेतीनशे घरं म्हणजे काही फार नाहीत, मीही मनात हिशेब केला. पण ब्रिटनमधली चारातली एक घरं जुन्या कोळसापट्ट्यावर उभी आहेत. ज्या गावांचं सगळं गेलं, नेमकं त्यांच्याच पायाखाली हे पाणी आहे. बाकी भाषणांपेक्षा मला या पाइपांचा भरवसा जास्त वाटला.

भाची म्हणाली होती तसं बघायला खरंच काही नव्हतं. एक बैठी इमारत, कुंपण, आतून घूं घूं आवाज. मग ग्लासहाऊसमध्ये कॉफी प्यायला गेलो. हात धुवायला नळ सोडला, गरम पाणी आलं. मी हात तसेच धरून ठेवले. बाबा पाळी संपवून आले की आई अंगणात बादली ठेवायची. पहिलं पाणी काळं, दुसरं राखाडी, आणि नखांच्या कडा तरीही काळ्याच. दारात भाची ताटकळत होती. "मावशी, अगं चल, पाणी वाहतंय!"

रात्री भावाला फोटो पाठवले. तो घुग्गुसला वेकोलितच आहे. खाणीतल्या पाण्याने घरं गरम करतात, असं मी अगदी कौतुकाने लिहिलं. थोड्या वेळाने त्याचं उत्तर आलं: "मे महिन्यात ये न इकडे. गार करणारं काही निघते का ते विचारून ये त्यायले."