आमची वाटचाल : बॅटरी उकळण्याच्या तक्रारीवर उभे राहिलेले दुकान

फलटण–बारामती पट्ट्यात वडिलांनी सुरू केलेले आमचे दुकान मुळात बॅटरी चार्जिंग आणि आर्मेचर वायंडिंगचे, म्हणजे डायनॅमो-मोटरच्या फिरत्या भागावर तांब्याची तार गुंडाळण्याचे, होते. त्या काळी ट्रॅक्टरवर बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो आणि कटआऊट (चार्जिंग आवरणाऱ्या रेग्युलेटरसह असलेली पेटी) असे, आणि चार्जिंग जास्त होऊ लागले की कटआऊटचे झाकण उघडून पॉइंट घासायचे व स्प्रिंगचा ताण जुळवायचा, एवढ्यावर काम भागे. चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून त्या बाकाजवळ विडी ओढू न देण्याचा वडिलांचा नियम गिऱ्हाईक कितीही मोठे असले तरी मोडत नसे.

डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आले तसे गावोगावच्या दुरुस्तीचे स्वरूप बदलले. बॅटरी उकळते, म्हणजे जादा चार्जिंगने तिच्यातले पाणी बुडबुडे येऊन आटते, म्हटले की रेग्युलेटर (चार्जिंगचा व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग) बदला, तरीही उकळली तर अख्खा अल्टरनेटर बदला, अशी पद्धत रूढ झाली. सुटे भाग विकणाऱ्याला ती सोयीची होती. शेतकऱ्याला मात्र ती महाग पडे. भाग विकण्यापेक्षा तपासणीचे पैसे घ्यायचे आणि मोजल्याशिवाय काहीही बदलायचे नाही, असे मी दुकान हाती घेतल्यावर ठरवले. नुसते मीटर लावून बघायचे कसले पैसे, असे लोक सुरुवातीला विचारत आणि काही जण रागावून निघूनही जात.

आमची तपासणी बॅटरीपासून सुरू होते. इंजिन बंद असताना आणि बॅटरी काही तास स्वस्थ असताना तिचा व्होल्टेज 12.6 च्या आसपास हवा. तो 10.5 च्या जवळ दिसला तर सहापैकी एक सेल शॉर्ट झाला असण्याचा संभव मोठा असतो. अशा वेळी अल्टरनेटर निर्दोष असूनही बॅटरी उकळते, कारण 14.2 व्होल्ट सहाऐवजी पाच सेलमध्ये वाटले जातात आणि प्रत्येकाच्या वाट्याला 2.8 हून अधिक येतात, तर 2.4 च्या सुमारासच पाण्याचे विघटन जोर धरते. त्यानंतर इंजिन सुरू करून रेस वाढवायची आणि थेट बॅटरीच्या टर्मिनलवर मोजायचे. 13.8 ते 14.4 ठीक, 15 च्या वर गेले की शोध सुरू. रेग्युलेटर बाहेर असलेल्या ट्रॅक्टरवर फील्डची वायर, म्हणजे रोटरला (अल्टरनेटरच्या फिरत्या भागाला) प्रवाह देणारी वायर, काढून पाहिली असता चार्जिंग थांबले, तर दोष रेग्युलेटरमध्ये किंवा त्याच्या वायरिंगमध्ये असतो; न थांबल्यास अल्टरनेटर खोलून कार्बन होल्डरचे (रोटरला वीज पोहोचवणारे कार्बन धरणाऱ्या भागाचे) इन्सुलेशन आणि रोटरची वायंडिंग पाहावी लागते. इंजिन चालू ठेवून बॅटरीची केबल काढून बघण्याची डायनॅमोच्या काळातली सवय मात्र आमच्याकडे पूर्ण वर्ज्य आहे, कारण त्या क्षणी उसळणाऱ्या व्होल्टेजने अल्टरनेटरचे डायोड (विजेला एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) आणि रेग्युलेटर दोन्ही जाऊ शकतात.

आमच्या दुकानाचे नाव ज्या कामामुळे झाले, तो ट्रॅक्टर ऊस वाहतुकीचा होता. बॅटरीत दर आठवड्याला पाणी भरावे लागे, कुजक्या अंड्यासारखा वास येई आणि पुढच्या दिव्यांचे बल्ब टिकत नसत. बॅटरी नवी, रेग्युलेटर नवा, आणि दिवसा मोजले की व्होल्टेज 14.4, म्हणजे तक्रारीला जागाच नाही. मालकाशी बोलताना दोन गोष्टी कळल्या : चालकाच्या मते वास कारखान्यावरून रात्री परतताना येत असे, आणि ट्रॉलीसाठी मागाहून जोडलेल्या दिव्यांचे बल्ब एकदाही गेले नव्हते, जात होते ते कंपनीतून आलेले. म्हणून सगळे दिवे लावून पुन्हा मोजले, तर बॅटरीवर 15.8 आणि रेग्युलेटरच्या टर्मिनलवर 14.3 आढळले. या ट्रॅक्टरचा रेग्युलेटर बॅटरीचा व्होल्टेज इग्निशन स्विचमधून येणाऱ्या वायरवर मोजत होता. ट्रॉलीचे दिवे कुणीतरी त्याच वायरला जोडले होते आणि स्विचचा एक संपर्क जळून काळा पडला होता. दिवे लागले की त्या संपर्कात दीड व्होल्ट खर्ची पडत, रेग्युलेटरला वाटे की बॅटरी उपाशी आहे, आणि तो चार्जिंग वाढवत राही. मागाहून जोडलेले दिवे त्या संपर्काच्या पुढे असल्याने त्यांना बेताचाच व्होल्टेज मिळे. पुढच्या दिव्यांना मात्र थेट बॅटरीवरून जाणारा वाढीव व्होल्टेज सोसावा लागे. स्विच बदलला, ट्रॉलीच्या दिव्यांना बॅटरीवरून फ्यूज व रिलेसह (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचसह) स्वतंत्र वायर दिली, आणि दिवे लावूनही व्होल्टेज 14.2 वर स्थिर राहिला. अल्टरनेटरला हातही लावावा लागला नाही.

ट्रॉलीवाल्यांत ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही, कारण कारखान्याच्या वजनकाट्यासमोरच्या रांगेत चालकांना बोलण्यावाचून दुसरे काम नसते. पुढे अल्टरनेटर फिरवून तपासणारा बेंच घेतला, वायंडिंगचे काम हळूहळू कमी केले आणि ट्रॉलीच्या दिव्यांसाठी रिले बसवलेली तयार वायरिंग करून देऊ लागलो. ती आज आमची सर्वाधिक विकली जाणारी वस्तू आहे, आणि गळीत हंगामाच्या आधीचे दोन महिने दुकानात निम्म्याहून अधिक काम तिचेच असते.

रेग्युलेटर आतच बसवलेल्या अल्टरनेटरमुळे बाहेरच्या वायरचे दोष कमी झाले आहेत, हे खरे. पण जादा दिवे, टेप आणि हॉर्न जोडण्याची हौस कमी झालेली नाही, आणि रंगावर बोल्ट आवळून दिलेली, म्हणून लोखंडाला नीट न टेकणारी अर्थिंग अजूनही आम्हाला आठवड्यातून एकदा तरी सापडतेच. परिसरातील काही बॅटरी विक्रेते आता वॉरंटीचा दावा घेण्यापूर्वी ट्रॅक्टर आमच्याकडे पाठवतात. आम्ही दिवे बंद आणि दिवे चालू अशा दोन्ही स्थितींतील व्होल्टेज चिठ्ठीवर लिहून, सही करून देतो, आणि तपासणीचे पैसे तेवढ्याच चिठ्ठीचे घेतो.