चार विसा म्हणजे ८०

आज प्रथम वर्षाच्या फ्रेंचच्या तासाला आकडे होते. पणजीच्या आमच्या वर्गात निम्मी मुलं शाळेपासून फ्रेंच शिकून आलेली, ती धडाधड बोलतात. उरलेली बरीचशी डिचोली-सत्तरीकडची, 'बोंजूर' म्हणतानाही मान खाली. मी शक्यतो फ्रेंचमध्येच शिकवते, त्यामुळे मागच्या बाकांवरचं ते मौन मला रोज छळतं.

८० ला फ्रेंचमध्ये 'कात्र-वँ' म्हणतात, म्हणजे चार वेळा वीस. पुढच्या मुलांनीही तो नुसता पाठ केलेला. तेवढ्यात वाळपईची एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, आमची आजी नारळ असेच मोजते. चार विसा."

मी खडू तिच्याच हातात दिला. ९०? "चार विसा नि दहा." बरोब्बर, कात्र-वँ-दिस! ७० ला मात्र ती अडली, कारण तिथे फ्रान्समध्ये 'साठ-दहा' म्हणतात. (बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये सरळ 'सेप्ताँत' आहे, तेही सांगून टाकलं.)

तास सुटल्यावर पहिल्या बाकावरचा मुलगा तिला विचारत होता, "विसा म्हणजे कसं गं मोजायचं?" ती आज पहिल्यांदा वर्गात मोठ्याने बोलली. उद्या बाजारातल्या किमती घेणार आहे, सुरुवात तिच्यापासून.