अकरा ओळी

मंगळवार, रात्र

दिवसभर पीएचडीचे अर्ज वाचले. डोळे चुरचुरताहेत. निम्म्या उद्देशपत्रांत 'लहानपणापासून संगणकाची ओढ', आणि शेवटी माझ्याच वेबपानावरून उचललेलं कंपायलरविषयीचं (म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रणालीविषयीचं) एक वाक्य. अटी सगळेच पुऱ्या करतात: पदवी, गुणपत्रिका, शिफारसपत्रं. शिफारसपत्रांत तर प्रत्येक जण वर्गातला सर्वोत्तम. असो.

एका अर्जापाशी मात्र अडले. मुलीचे गुण बेताचे, अल्गोरिदममध्ये तर जेमतेम पास. पण तिने लिहिलंय की तिचा सी भाषेतला प्रोग्रॅम साधा कंपाइल केला की बरोबर चालायचा आणि ओ-टू (कोड वेगवान करायला सांगणारा कंपायलरचा पर्याय) लावलं की चुकायचा. दोन आठवडे ती कोड छाटत बसली. शेवटी अकरा ओळी उरल्या, आणि चूक तिचीच निघाली! बेरीज संगणकातल्या आकड्याच्या मर्यादेबाहेर जाऊन उलटते का हे ती 'एक्स + १ < एक्स' असं तपासत होती. साइन्ड (अधिक-उणे चिन्हाचा) पूर्णांक मर्यादेबाहेर गेला तर काय व्हावं, हे सी भाषा ठरवतच नाही. म्हणून कंपायलर तसं कधी होणारच नाही असं धरून चालतो, आणि ती तपासणीच उडवून टाकतो.

बहुतेक जण इथे कंपायलरला शिव्या घालून मोकळे होतात. त्यांचंही अगदीच चुकत नाही म्हणा. २०११ साली सीस्मिथ या चाचणी-साधनाने यादृच्छिक सी-प्रोग्रॅम रचून वेगवेगळ्या कंपायलरांतल्या सव्वातीनशेहून जास्त चुका उघड केल्या. तपासलेला प्रत्येक कंपायलर कधी ना कधी गुपचूप चुकीचा कोड देताना सापडला. कॉम्पसर्ट या कंपायलरच्या गणिती सिद्धता दिलेल्या मधल्या भागात मात्र तसली एकही चूक मिळाली नाही. माझं काम याच वाटेवरचं: ऑप्टिमायझेशनने, म्हणजे कंपायलरने वेगासाठी केलेल्या बदलांनी, प्रोग्रॅमचा अर्थ बदलला नाही, हे सिद्ध करायचं. कित्येक महिने एकाच लेमापाशी, सिद्धतेतल्या एका पायरीपाशी, जातात. तिथे परीक्षेतला वेग काय कामाचा?

उद्या समितीत गुणांवरून खल होणार. मलाही एक गोष्ट खटकतेच: दोन आठवडे एका बगमागे घालवण्याची सवड प्रत्येकाला कुठे असते? नोकरी सांभाळून अर्ज करणाऱ्याकडे अशी गोष्ट नसेल, म्हणून तो कमी ठरतो का? यावर माझ्याकडे उत्तर नाही.

तिला मुलाखतीला बोलावायचंच. त्या अकरांपैकी कुठली ओळ काढली की चूक नाहीशी होत होती, ते तिने लिहिलेलं नाही. तेच आधी विचारेन.