टी-शर्ट, गमबूट आणि एक टायमर

रविवार

जिंजाहून कमुलीकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस. मी सोलापूर जिल्ह्यातली, तीन महिन्यांच्या स्वयंसेवी कामासाठी इथे आलेली, उसाचं नवल मला कुणी सांगायला नको. पण युगांडाच्या या बुसोगा भागात तो बहुतेक नुसत्या पावसावर येतो. ना कॅनॉलच्या पाळीची भांडणं, ना रात्री-अपरात्री मोटर चालू करायला जाणं. पहिल्या आठवड्यात हेवा वाटला होता, आता वाटत नाही. लहान शेतकऱ्यांनीही होती नव्हती ती जमीन उसाला दिली. रताळी, कसावा, मका घरच्या रानातून हटले आणि आता बाजारातून विकत आणावे लागतात. पैसा येतो तो ऊस तुटल्यावर, भूक मात्र रोजची. वरच्या वर्गातली मुलं शाळा बुडवून तोडणीला जातात. कोयता आपल्याकडे घरदार पाठीवर घेऊन हिंडतो, इथे तो गावातच आहे, एवढाच काय तो फरक.

आमच्या कामाच्या कागदात 'पर्यावरण' म्हणून रोपवाटिका आहे. रोपं झकास आलीत: मुसिझी, ग्रेव्हिलिया, फणस. लावायची कुठे, हा खरा प्रश्न. बांधावर म्हटलं की शेतकरी मान हलवतात, उसावर सावली नको. शेवटी शाळेचं आवार आणि घरामागची परसं, एवढंच हाती उरतं. फणसाला मात्र कुणी नाही म्हणत नाही. (कच्च्या फणसाची भाजी मी इथे कुणाकडे पाहिली नाही. एकदा करून घालणार आहे. मोहरी जिंजात भारतीय दुकानात मिळते.)

मंगळवार

आज दिवसभर काकूंसोबत. मी त्यांना मनातल्या मनात काकू म्हणते. त्या गावच्या व्हीएचटी, म्हणजे गाव आरोग्य पथकातल्या. युगांडात ही व्यवस्था 2001 पासून आहे. गावानेच निवडलेली माणसं, पगार नाही. टी-शर्ट, गमबूट, औषधांची पेटी, नशीब असेल तर सायकल आणि बैठकीला गेलं तर प्रवासखर्च.

सकाळी एक बाई दीडेक वर्षाच्या तापलेल्या पोराला पाठीवर बांधून आली. काकूंनी आधी त्याचा अंगरखा वर केला, टायमर लावला आणि एक मिनिट त्याच्या पोटाकडे बघत राहिल्या. पोर रडत असेल तर मोजणी चुकते, म्हणून आईला म्हणाल्या, पाजायला घे. ते थोडं पिऊन शांत झालं तेव्हा पुन्हा पहिल्यापासून मोजलं. वर्ष ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला 40 किंवा त्याहून जास्त असेल तर न्यूमोनिया धरायचा. त्याचा कमी भरला. मग बोटाला टोचलं, थेंबभर रक्त पट्टीवर, त्यावर द्रावणाचे थेंब आणि वाट बघणं. ती पंधरा-वीस मिनिटं काकूंनी वाया घालवली नाहीत. मोठ्या मुलीची शाळा विचारली, मच्छरदाणी कुठे टांगली आहे ते विचारलं, ती कोंबड्यांच्या खुराड्यावर नाही ना, हेही. दोन रेघा उमटल्या. मलेरिया. गोळी चमच्यात विरघळवून पहिला डोस समोरच दिला आणि अर्धा तास बसवून ठेवलं, पोराने ओकली तर पुन्हा द्यावी लागते म्हणून.

या सगळ्यात माझं काम काय, तर रजिस्टर धरणं.

रात्री आईचा फोन आला. आई आमच्या गावची आशा. तिला हिप्पो बघितले का, जिराफ बघितला का, यात काडीचा रस नाही. तिचा पहिला प्रश्न, "त्या बाईला महिन्याचे किती मिळतात गं?" मी सांगितलं, काही नाही. पलीकडे जरा वेळ शांतता. मग, "आणि रिपोर्ट किती लिहायला लावतात?" 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या साऱ्या आशांना मिळून पुरस्कार दिला, तेव्हा आईने तो मेसेज मला फॉरवर्ड केला होता आणि खाली लिहिलं होतं, 'मानधन तेवढंच'. 2024 च्या फेब्रुवारीत ती आझाद मैदानावर बसून आली. मुंबई पाहिली का म्हणून शेजारणीने विचारलं तर म्हणाली, पाहिली, खालून.

काकूंना हे सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की भाषांतर करणारी माझी इथली, कामातली जोडीदारीणही वाक्य पुरं करू शकली नाही. मग काकूंनी नीट विचारून घेतलं: किती बायका होत्या, घरी स्वयंपाक कोण करत होतं, आणि शेवटी काही वाढलं का.

गुरुवार

शाळेत मुलींचा क्लब. नाव मुलींचा, पण मुलगेही येतात, कारण शिवणयंत्र आहे. धुऊन पुन्हा वापरायचे पॅड शिवतो. खाली प्लास्टिकचा थर, वर फ्लॅनेल, बाजूला बटण. आधी मुलगे खिदळत होते. पण यंत्राला हात लावायचा तर पॅडच शिवायचा, दुसरं काही नाही, हा नियम माझ्या जोडीदारणीने घातला. आज सर्वांत सरळ शिलाई एका मुलाची होती आणि तो ती सगळ्यांना दाखवत हिंडला.

जोडीदारीण इथल्याच इगांगाची, बी.ए. झालेली, नोकरीच्या शोधात. तिच्यासाठी हे तीन महिने म्हणजे अनुभवाच्या दाखल्याची एक ओळ आणि जेवणाखाणाचा भत्ता. माझ्यासाठी म्हणाल तर जग पाहणं. एकाच खोलीत झोपतो, पण हिशेब सारखे नाहीत, हे आम्ही दोघीही जाणून आहोत आणि त्यावर फारसं बोलत नाही.

क्लबात एक तरुण आईही येते. युगांडातल्या शाळा मार्च 2020 मध्ये बंद झाल्या आणि पूर्ण उघडल्या थेट जानेवारी 2022 मध्ये. त्या काळात ज्यांना दिवस गेले त्या मुलींपैकी ही एक. आता बाळ आजीकडे ठेवून परत वर्गात बसते. नियमाने बसू देतात, बाकावरचे शेजारी देतीलच असं नाही. आज वादविवादात तिने मुलांची दाणादाण उडवली. विषय होता, पाणी आणणं हे मुलींचंच काम का. वीस लिटरचा पिवळा कॅन डोक्यावर घेऊन एक फेरी मारून या, मग बोला, म्हणाली. तेवढ्यात मुख्याध्यापक आले आणि ती झटकन गुडघ्यांवर बसली. इथे बायकामुली मोठ्यांना अशाच नमस्कार करतात. मला ते बघवत नाही. पण मीही घरी दिवाळीला आख्ख्या भावकीच्या पाया पडते आणि माझा चुलतभाऊ नुसता मान डोलावून सुटतो, तेव्हा मी काय बोलणार. जोडीदारीण म्हणते, गुडघे टेकून जे मागायचं ते मागून घेता येतं, आधी शाळा पुरी होऊ दे. मला अजून ते पटलेलं नाही.

शनिवार

आंब्याखाली लसीकरण. मलेरियाची आर-21 लस युगांडात एप्रिल 2025 मध्ये सुरू झाली. परिचारिकेने थंड पेटीतून बाटली काढली आणि मी सवयीने लेबल वाचलं: पुणे. ऑक्सफर्डमध्ये शोध लागलेली, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनलेली. मी म्हटलं, हे माझ्या गावाजवळचं. परिचारिका म्हणाली, मग घरच्यांना सांग, वेळेवर पाठवा.

डोस चार: सहाव्या, सातव्या, आठव्या आणि मग एकदम अठराव्या महिन्यात. पहिले तीन बायका लक्षात ठेवतात, चौथ्यापर्यंत पोर धावायला लागलेलं असतं आणि सगळे विसरतात. तो डोस चुकू नये म्हणून काकूंच्या वह्यांमधून मी यादी काढते आहे: बाळ, आईचं नाव, घराची खूण, महिना. या यादीतले बरेचसे चौथे डोस पुढच्या वर्षी पडतील. तेव्हा आमच्यापैकी इथे कुणी नसेल, काकू असतील. म्हणून यादी लॅपटॉपवर न करता जाड पुठ्ठ्याच्या वहीत, महिन्यावार, त्यांच्याच अक्षरवळणाला जुळेल अशी लिहिते आहे. त्यांनी दोन पानं तपासली आणि एका घराची खूण खोडली. ते झाड गेल्या महिन्यातच कोळशासाठी तोडलं म्हणे.

जाताना म्हणाल्या, तुमच्या मागून येणाऱ्यांना निरोप दे. टी-शर्ट पुरेसे झाले. सायकलचं मागचं टायर हवंय, अठ्ठावीस इंची.