नामचे ते गोरक शेप : डोकेदुखी लपवू नका

एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर (गोरक शेप हा तिथला शेवटचा मुक्काम) सह्याद्रीत मुरलेला ट्रेकर सगळ्यांच्या आधी नामचेला पोचतो आणि संध्याकाळी तोच डोकं धरून बसतो. कळसूबाई १,६४६ मीटर. तिथे कितीही वाऱ्या केल्या तरी विरळ हवेची सवय होत नाही, आणि दमसास चांगला असला म्हणून विरळ हवेने होणारा हा उंचीचा आजार टळत नाही.

लुक्ल्याला (२,८६० मी.) विमानाने उतरून लोक फाकडिंगला (२,६१०) राहतात आणि दुसऱ्याच दिवशी नामचे (३,४४०) गाठतात. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू नये. इथे ती एका दमात ८३० मीटरने वाढते. म्हणून आम्ही पहिला मुक्काम शक्यतो पुढे मोंजोला (२,८३५) टाकतो आणि नामचेला दोन रात्री काढतोच. मधल्या दिवशी खोलीत लोळायचं नाही. एव्हरेस्ट व्ह्यू हॉटेलपर्यंत (३,८८०) चढायचं आणि झोपायला खाली यायचं. दिंगबोचेलाही (४,४१०) असाच एक दिवस द्यावा.

डोकं दुखतंय आणि जोडीला मळमळ, अन्नावरची वासना उडणं, गळाठा किंवा चक्कर यांपैकी काही आहे, तर तो उंचीचाच त्रास समजा. पॅरासिटामॉल घ्या, पाणी प्या, तिथेच थांबा. सकाळी आराम पडला नसेल तर वर जायचं नाही. वाढलं तर खाली. लॉजवरचं लसणाचं सूप जरूर प्या, पण ते औषध नव्हे. दारू आणि झोपेच्या गोळ्या बंद.

डायमॉक्स (ॲसिटाझोलामाइड), म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, आपल्याकडे २५० मिलिग्रॅमची मिळते. प्रतिबंधासाठी अर्धी गोळी सकाळ-संध्याकाळ, चढ सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासून. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं; त्याने घाबरू नका. सल्फाची ॲलर्जी असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळीला हात लावू नका.

सर्वांत जपायचा टप्पा दिंगबोचे ते लोबुचे (४,९४०). डोकं जड असेल तर मध्ये थुकलाला (४,६२०) मुक्काम करा. इथून वर खोकला जवळजवळ सगळ्यांनाच असतो आणि घोळ तिथेच होतो. कोरड्या, गार हवेचा खोकला वेगळा. माणसाला दहा मिनिटं स्वस्थ बसवा. तरीही धाप थांबत नसेल, छातीत घरघर असेल किंवा गुलाबी फेस पडत असेल, तर फुप्फुसात पाणी भरतंय. दुसरी परीक्षा जेवणघरातच घ्या : जमिनीवरच्या फळीच्या रेषेवर टाचेला पंजा भिडवत दहा पावलं चालायला सांगा. तोल जात असेल, बोलणं असंबद्ध होत असेल, तर मेंदूला सूज येतेय.

दोन्हींत उजाडायची वाट पाहायची नाही. ऑक्सिजन असेल तर लावा, पण त्यासाठी उतरणं लांबवू नका. किमान ३०० ते १,००० मीटर खाली न्या, शक्यतो पाठीवरून किंवा घोड्यावरून, कारण श्रमाने फुप्फुसाची अवस्था बिघडते. फेरिचेला (४,३७१) हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना ट्रेकिंगच्या हंगामात चालू असतो. आजाऱ्याला एकट्याला कधीच धाडू नका.

माणसं डोकेदुखी लपवतात ती परतीच्या तिकिटापायी आणि आपल्यामुळे गट अडेल या भीतीने. म्हणून आखणीतच दोन दिवस मोकळे ठेवा आणि कुणाला खाली न्यावं लागलं तर सोबत कोणता गाईड जाणार, हे काठमांडूतच ठरवून घ्या. रोज संध्याकाळी गटप्रमुखाने प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारावं. चारचौघांत विचारलं की सगळे ‘ठीक आहे’ म्हणतात.